गच्चीवर पफ मारायचा का? आधी स्लॅबची कोणती बाजू ते ठरवा

तुमच्या पत्राचं सार आधी मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. नागपुरातला पंचवीसेक वर्षांचा दुमजली बंगला. वर पाच इंची स्लॅब, त्यावर ब्रिकबॅट कोबा, म्हणजे विटांच्या तुकड्यांचा सिमेंटमधला थर. एप्रिल ते जून वरच्या दोन्ही बेडरूम मध्यरात्रीपर्यंत भट्टीसारख्या, एसी बंद केला की अर्ध्या तासात पुन्हा तेच. अमेरिकेत, मिनेसोटातल्या तुमच्या भावाने त्याच्या घराला उष्णता अडवणारा स्प्रे फोम, म्हणजे आपला पफ, मारून घेतला आणि तो खूश आहे, म्हणून तुम्ही इथे चौकशी केली. तीन ठेकेदार येऊन गेले. एक म्हणाला खोलीच्या आतून छताला मारू, दुसरा म्हणाला गच्चीवरून मारू, तिसऱ्याने भिंती आणि गच्चीवरची टीनाची खोलीही त्यात धरली. शिवाय सावंतवाडीजवळचं कौलारू घर यंदा दुरुस्तीला काढायचं आहे, तिथेही हा फोम चालेल का, असं विचारलंत.

माझं उत्तर असं: गच्चीवर मारा, पण वरून मारा आणि लगेच झाका. खोलीच्या आतून नको. भिंतींना नको. टीनाच्या खोलीला एका अटीवर चालेल. कौलांना हात लावू देऊ नका. फोम मारणं हाच माझा धंदा आहे, कोल्ड स्टोरेज, कारखान्यांच्या शेड आणि घरांच्या गच्च्या, तेव्हा 'नको' म्हणण्यात माझा काही फायदा नाही हे लक्षात घ्या.

आधी ही वस्तू काय आहे ते पाहू. आपल्याकडे जिला सगळे पफ म्हणतात ती पॉलियुरेथेन, थोडक्यात पीयू. 1937 साली जर्मनीत ऑटो बायर यांनी हे रसायन शोधलं. साइटवर दोन ड्रम येतात. एकात आयसोसायनेट, काळपट तपकिरी, काकवीसारखं. दुसऱ्यात पॉलिऑल, त्यातच फुगवणारं द्रव्य, उत्प्रेरक आणि आग रोखणारी रसायनं मिसळलेली असतात. मशीन दोन्ही गरम करतं, समसमान मापाने होजमधून पुढे ढकलतं आणि ती गनच्या तोंडाशी एकत्र येतात. पृष्ठभागावर पडल्यावर काही सेकंदांत फुगून घट्ट होतात. तयार फोम फिकट पिवळसर, कोरडा आणि बारीक दाण्याचा दिसला पाहिजे. दोन द्रव्यांचं प्रमाण बिघडलं तर तो एक तर नखाने चुरा होईल इतका ठिसूळ होतो, नाहीतर मऊ, चिकट राहतो आणि त्याला सडक्या मासळीसारखा वास येतो. असा फोम नंतर सुधारत नाही. खरवडून काढावाच लागतो.

यात दोन जाती. ओपन सेल हा स्पंजासारखा हलका, घनमीटरला साधारण 8 किलो, पाणी पिणारा. क्लोज्ड सेल हा कडक, 30 ते 50 किलोचा, बंद पेशींचा. गच्चीच्या कामाला फक्त दुसरा. कोटेशनवर नुसतं 'पीयू फोम 50 मिमी' लिहिलेलं असेल तर ते अर्धवट आहे. घनता लिहून घ्या, 40 ते 45 किलो प्रति घनमीटर. सरकारी निविदांमध्ये आयएस 12432 या भारतीय मानकाच्या तिसऱ्या भागाचा हवाला असतो, तोच तुमच्या कागदावरही येऊ द्या.

आता तुमच्या भावाचं घर. तो चुकीचं काही सांगत नाही, पण त्याचं घर लाकडी सांगाड्याचं आहे. उभ्या लाकडांमध्ये पोकळ खण, आतून जिप्सम बोर्ड, वर उतरतं छप्पर आणि त्याखाली पोटमाळा. बाहेर उणे 25 अंश असताना घरातली तापवलेली हवा शेकडो फटींतून निसटते. तिथे फोम उष्णता अडवतो, पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे त्या फटी बुजवून हवा अडवतो. त्याचं बिल उतरलं त्यात या दुसऱ्या कामाचा वाटा मोठा आहे. तुमच्या घरात खण नाहीत, पोटमाळा नाही. विटांची नऊ इंची भिंत आहे, ओतीव स्लॅब आहे, आणि हवा येते ती सरकत्या खिडक्यांतून. तुमचा शत्रू वेगळाच आहे, तो म्हणजे सूर्याने दिवसभर तापवलेला स्लॅब. मोबाइलवर जे व्हिडिओ दिसतात ते बहुतेक त्या लाकडी घरांचे असतात. ते पाहून इथे खोलीच्या आत गन घेऊन शिरणं म्हणजे निदान न करता औषध देणं.

मे महिन्यात हवा 45 अंशांवर असते तेव्हा नागपुरात उघड्या, काळपट गच्चीचा पृष्ठभाग 60 अंशांच्या वर जातो. ही उष्णता कोबा आणि स्लॅब हळूहळू पितात. खालच्या बाजूला ती पोहोचायला काही तास लागतात, म्हणून दुपारी दोनपेक्षा रात्री नऊ-दहाला छत जास्त तापलेलं लागतं. पंखा लावला की तो तीच तापलेली हवा अंगावर ढकलतो. एसी खोलीतली हवा थंड करतो, पण डोक्यावर टनावारी तापलेलं काँक्रीट असतं. एसी बंद झाला की ते आपली उष्णता पुन्हा खोलीत सोडतं. तुमचं 'अर्ध्या तासात पुन्हा गरम' ते याचमुळे.

फोम वरून मारला तर स्लॅब सावलीत जातो आणि फारसा तापत नाही. आतून मारला तर स्लॅब पूर्वीसारखाच 60 अंशांना तापतो, रात्री निवतो, रोज प्रसरण पावतो, रोज आकसतो. गच्चीच्या कठड्याखाली आडवी भेग पडलेली असते ना, ती याच रोजच्या खेचाखेचीची. आतल्या फोमने ती थांबत नाही, उलट स्लॅबला खालून निवायची वाट बंद होते.

आतून नको म्हणण्याची याहून मोठी कारणं आहेत. पहिलं आग. पफ जळतो. आग रोखणारी रसायनं घातलेली असली तरी जळतो, आणि त्याच्या धुरात कार्बन मोनॉक्साइडबरोबर हायड्रोजन सायनाइडही असतं. अमेरिकेत राहत्या खोलीत फोम उघडा ठेवायला बांधकाम नियम परवानगी देत नाहीत, त्यावर निदान अर्धा इंच जिप्सम बोर्ड लागतो. तुमच्या पहिल्या ठेकेदाराच्या कोटेशनमध्ये बोर्डाचा उल्लेखच नाही, 'वरून पीओपी करून घ्या' एवढंच आहे. दुसरं, जुन्या स्लॅबच्या पोटात सळ्या गंजून पोपडे सुटायला लागले की ते आधी डोळ्यांना दिसतात, ओल दिसते, गंजाचा डाग दिसतो. फोमने हे सगळं झाकलं जातं आणि दिसेल तेव्हा मोठा तुकडाच खाली येतो. तिसरं म्हणजे वायरिंग. छतातून जाणाऱ्या वायरी आणि दिव्यांचे ड्रायव्हर फोममध्ये गाडले गेले की त्यांची उष्णता बाहेर पडत नाही.

अपार्टमेंटमध्ये वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांना सोसायटी गच्चीवर काम करू देत नाही, त्यांची अडचण मला कळते. त्यांनीही आतून फोम मारण्याऐवजी फॉल्स सीलिंगवर खनिज लोकरीचे, म्हणजे रॉकवूलचे तक्ते टाकावेत. ते जळत नाहीत आणि उचलून पाहता येतात.

किती जाडीचा मारायचा? इथे ठेकेदार '75 मिमी मारू, कायमचं काम होईल' म्हणतात. हिशेब करून बघू. फोमची उष्णतावाहकता साधारण 0.025 धरतो, काँक्रीटची 1.58. म्हणजे 25 मिमी फोम हा दीड मीटर जाड काँक्रीटच्या तोडीचा. तुमच्या स्लॅब-कोब्यातून आज शंभर भाग उष्णता खाली येते असं धरा. 25 मिमी फोमनंतर ती 31 वर येईल. 50 मिमीला 18-19. 75 मिमीला 13. पहिल्या इंचाने जे साधतं त्याच्या तुलनेत तिसरा इंच किरकोळ आहे, पैसे मात्र तेवढेच घेतो. केंद्राच्या ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोने 2018 मध्ये घरांसाठी इको निवास संहिता आणली. तिच्यात छताचा यू, म्हणजे उष्णता झिरपण्याचा दर, जास्तीत जास्त 1.2 असावा असं म्हटलं आहे. तुमचा आज सव्वादोनच्या आसपास असणार. 25 मिमीनेच तो 0.7 वर येतो. तरीही मी 40 ते 50 मिमी सांगतो, कारण हाताने मारलेला थर कधीच सपाट नसतो आणि 25 सांगितलं की कुठेतरी 12 च बसतो.

आता एक मुद्दा, जो तिघांपैकी एकाही ठेकेदाराने काढलेला नाही. फोमचं वजन काहीच नाही, 50 मिमीला चौरस मीटरमागे सव्वादोन किलो. पण तो तसाच उघडा ठेवता येत नाही. त्यावर 400 गेजचा पॉलिथिन कागद, मग चिकन मेश घालून 40 मिमीचं स्क्रीड, म्हणजे सिमेंट-काँक्रीटचा वरचा थर, अडीच-अडीच मीटरच्या चौकटीत, सांधे मॅस्टिकने, म्हणजे लवचिक भरावाने भरलेले, ही प्रचलित पद्धत आहे. या स्क्रीडचं वजन चौरस मीटरला 95 किलोच्या घरात जातं. चालण्या-वावरण्याच्या गच्चीला डिझाइनमध्ये वापराचा भार धरतात तो 150 किलो. म्हणजे जवळजवळ दोन तृतीयांश भार तुम्ही कायमचा वर चढवून ठेवला. पंचवीस वर्षांच्या स्लॅबवर, ज्यावर आधीच दोनशे किलोच्या आसपास कोबा आहे, हे स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारल्याशिवाय करू नका. त्याने नाही म्हटलं तर दोन वाटा उरतात. एक तर जुना कोबा काढून टाका. तो फुटका, पोकळ वाजत असेल तर तसाही काढायलाच हवा. किंवा स्क्रीडऐवजी फोमवर उन्हाला टिकणारं जाड पीयू किंवा अॅक्रिलिक कोटिंग करा आणि गच्चीवर फक्त देखभालीपुरतं जा. कोटिंगचं काम हलकं असतं, पण दर काही वर्षांनी पुन्हा करावं लागतं आणि त्यावर पलंग टाकून झोपता येत नाही. उन्हाळ्यात गच्चीवर झोपणारं घर असेल तर हे आधीच ठरवा.

उघडा फोम उन्हाने मरतो. काही आठवड्यांतच पिवळ्याचा नारिंगी, मग तपकिरी होतो आणि बोट फिरवलं तर पिठासारखा हाताला लागतो. वरून कावळे, कबुतरं चोच मारून खड्डे करतात, खारी त्यात घरटी करतात. म्हणून फोम आणि त्यावरचं झाकण यांत दोन-तीन दिवसांपेक्षा जास्त अंतर नको. 'स्क्रीडवाला पुढच्या आठवड्यात येईल' हे वाक्य ऐकलं की फोमवाल्यालाही पुढच्या आठवड्यात बोलवा.

फोमच्या आधी गळती. पफ म्हणजे वॉटरप्रूफिंग नाही, ठेकेदार काहीही म्हणो. क्लोज्ड सेल फोम पाणी जवळजवळ पीत नाही हे खरं, पण पाणी स्क्रीडच्या भेगेतून आत शिरून फोमखाली पसरलं की खाली दुसऱ्याच खोलीत टपकतं आणि भोक कुठे आहे ते शोधायला सगळं उकरावं लागतं. त्यामुळे आधी पावसाच्या पाइपांची तोंडं बंद करून गच्चीवर दोन दिवस पाणी साठवा, खाली ओल फुटते का पाहा, दुरुस्त करा, मग पुढे. उतार पाइपांकडे आहे ना, कठड्याच्या कोपऱ्यातला गोला, म्हणजे गोलसर भराव, नीट आहे ना, हेही त्याच वेळी. टाकीचे चौथरे, सोलरचे पाय, डिशचे खांब, जे काही गच्चीला रोवायचं आहे ते फोमच्या आधी रोवा. फोम आणि स्क्रीड झाल्यावर सोलरवाला ड्रिल घेऊन आला की त्याने केलेलं प्रत्येक भोक ही एक नवी गळती असते.

पाणी सुकलं असं वाटलं तरी कोब्याच्या पोटात ओल असते. ती तपासायला मशीन लागत नाही. हातभर लांब-रुंद स्वच्छ प्लास्टिकचा कागद गच्चीवर चारही कडांनी चिकटपट्टीने घट्ट बसवा आणि दुसऱ्या दिवशी पाहा. आतून थेंब दिसले तर अजून थांबा. ओल्या पृष्ठभागावर आयसोसायनेट पाण्याशीच लागतं, वायू तयार होतो, फोम धरत नाही आणि फुगे येतात. कोरडं असेल तर झाडून, धूळ ब्लोअरने उडवून, पीयू प्रायमर लावून मग फोम. धुळीवर मारलेला फोम चादरीसारखा उचलून येतो.

माल कमी पडतो का, हे तुम्ही स्वतः मोजू शकता आणि मोजाच. हजार चौरस फूट गच्चीवर 50 मिमी, 45 घनतेचा फोम म्हणजे सुमारे 210 किलो रसायन, वाया जाणारं धरून 230 ते 240. दोन ड्रमच्या एका जोडीत साडेचारशे किलोच्या वर माल असतो. म्हणजे तुमच्या गच्चीला साधारण अर्धी जोडी रिकामी झाली पाहिजे. काम सुरू व्हायच्या आधी ड्रमवरचं लेबल, बॅच आणि मुदत यांचा फोटो घ्या आणि संपल्यावर ड्रममध्ये काठी घालून पातळी बघा. त्यानंतर तीन-चार ठिकाणी सुरी उभी खुपसून जाडी मोजा. आणि एक नमुना कापून घ्या, 10 सेंटीमीटर लांब, 10 रुंद, 5 जाड. हा 500 घनसेंटीमीटरचा तुकडा स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर ठेवा. 22-23 ग्रॅम भरला तर घनता 45. 15 ग्रॅमच भरला तर तुम्हाला 30 चा माल मारलाय. जाडी दिसते तेवढीच, पण तो पावलाखाली दबणार आणि स्क्रीडला भेगा जाणार. माझ्या गिऱ्हाइकांना मी ही चाचणी करायलाच लावतो, कारण स्वस्त दराने माझं काम नेणारे बहुतेक इथेच पैसे वाचवतात.

ड्रमच्या लेबलवर आणखी एक बघा. फुगवणारं द्रव्य कोणतं. पूर्वी सर्रास एचसीएफसी-141बी असायचं, ते ओझोनच्या थराला मारक. 1 जानेवारी 2020 पासून भारताने त्याची आयात थांबवली. आता एचएफसी, एचएफओ किंवा पाण्यावर फुगणारे प्रकार मिळतात. पाण्यावर फुगणाऱ्याची उष्णतारोधकता थोडी कमी असते, तेव्हा विकणारा तो स्वस्तात देत असेल तर जाडी पाच-दहा मिमी वाढवून मागा.

थर एका दमात जाड मारू देऊ नका. रसायन घट्ट होताना स्वतःच तापतं. एकदम जाड मारलं तर पोटात उष्णता कोंडून फोम आतून करपतो, चिरतो, आणि फारच झालं तर धुमसतो. गच्चीला दोन किंवा तीन थर, मध्ये थोडं थांबून.

फवारणीच्या दिवसाचं जरा तपशिलात सांगतो, कारण भांडणं इथेच होतात. गनमधून उडणारा बारीक तुषार वाऱ्याबरोबर दूरवर जातो आणि जिथे बसतो तिथे चिकटतो. शेजाऱ्याच्या गाडीच्या काचेवर बसला की हात फिरवल्यावर सँडपेपरसारखा लागतो आणि पुसून जात नाही. म्हणून काम सकाळीच, दव वाळलं की, वारा सुटायच्या आत. गच्चीच्या कडेने हिरवं नेट आणि प्लास्टिक उभं करा. दोन्ही बाजूंच्या शेजाऱ्यांना आदल्या दिवशी सांगून या. गाड्या हलवा, दोरीवरचे कपडे काढा. एप्रिलमध्ये नागपुरात निम्म्या गच्च्यांवर कुरडया-पापड वाळत असतात, ते उचलायला सांगा. टाकीचं झाकण घट्ट करून वर प्लास्टिक बांधा. आणि हे कोणी सांगत नाही: कूलर बंद. विदर्भातला खिडकीचा कूलर बाहेरची हवा तासाला हजारो घनमीटर आत ओढतो. वर फवारणी चालू आणि खाली कूलर चालू म्हणजे आयसोसायनेटची वाफ थेट बेडरूममध्ये. कूलरला कापड नाही, प्लास्टिक गुंडाळा. दम्याचं माणूस घरात असेल तर त्याला दोन दिवस नातेवाइकांकडे पाठवा. बाकीच्यांनीही त्या दिवशी वरच्या मजल्यावर झोपू नये.

गन चालवणाऱ्याकडेही एकदा बघा. आयसोसायनेटची एकदा ॲलर्जी जडली की पुढे त्याच्या किंचित वासानेही धाप लागते आणि ती आयुष्यभर जात नाही. तोंडाला गमछा बांधून फवारणारा पोरगा दिसला तर काम थांबवा. पूर्ण चेहरा झाकणारा मास्क, अंगभर सूट आणि हातमोजे हवेत, बंद जागेत तर बाहेरून हवा देणारा मास्कच हवा. ज्याला आपल्या माणसाच्या फुफ्फुसांची पर्वा नाही तो तुमच्या घनतेची करणार नाही.

टीनाची खोली. पातळ पत्रा दुपारी स्लॅबपेक्षा लवकर तापतो आणि रात्री उघड्या आभाळाखाली हवेपेक्षाही थंड होतो, मग हिवाळ्यात, पावसाळ्यात आतून थेंब गळतात. खालून क्लोज्ड सेल फोम मारला तर तो पत्र्याला थेट चिकटतो, मध्ये हवा राहत नाही, थेंब बंद होतात आणि पाऊस वाजतो तोही कमी होतो. इथे खालून मारण्याला अर्थ आहे, कारण पत्रा उष्णता साठवत नाही. फोमचा हा सगळ्यात सरळ उपयोग, आमचं निम्मं काम शेडचंच असतं. अट आगीची. खोलीत कोणी राहणार, अभ्यास करणार, झोपणार असेल तर फोमखाली जिप्सम किंवा सिमेंट बोर्ड हवाच. आणि पत्र्याचे जे वेल्डिंग, जे स्क्रू, जे बदल करायचे ते आधी. फोमशेजारी वेल्डिंगची ठिणगी पडून शेड पेटल्याच्या घटना या धंद्यात सगळ्यांना ठाऊक आहेत. तुमच्या पत्र्याला गंजाची भोकं असतील तर मात्र आधी पत्राच बदला. फोम लावून बुजवलेली गळती आत गंज वाढवत राहते.

भिंतींचं लवकर संपवतो. नऊ इंची वीट स्वतः बऱ्यापैकी उष्णता अडवते, आणि आतून फोम मारला तर त्यावर बोर्ड आलं, खोली सगळीकडून तीन इंच लहान झाली, खिळा ठोकायची सोय गेली. त्रास फक्त पश्चिमेच्या भिंतीचा असतो. तिला बाहेरून सावली द्या, वेल चढवा, छज्जा वाढवा, फिका रंग द्या.

दारं-खिडक्यांच्या फटींना मात्र डब्यातला फोम जरूर वापरा, 750 मिलीचा मिळतो. एसीच्या पाइपाचं भोक, चौकट आणि भिंत यांच्यामधली फट. हा हवेतल्या ओलाव्याने घट्ट होतो, म्हणून नागपूरच्या कोरड्या उन्हाळ्यात फटीत आधी पाण्याचा हलका फवारा मारा. फट अर्धीच भरा, बाकी तो स्वतः फुगून भरतो. यूपीव्हीसी खिडकीला कमी फुगणारा प्रकार घ्या, नाहीतर चौकट वाकून झडप अडकते. हाताला लागला तर ओला असतानाच ॲसिटोनने निघतो, वाळल्यावर कातडीबरोबर.

आता सावंतवाडी. सिंधुदुर्गात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस. कौलारू छप्पर तिथे टिकतं ते ओलं होऊन वाळतं म्हणून, आणि दरवर्षी पावसाआधी शाकारणी होते म्हणून. फुटकं कौल काढलं, नवं सरकवलं, रीप कुजली ती बदलली, वाशाला वाळवी लागली ती दिसली. खालून फोम मारला की कौलं, रिपा आणि वासे एका ठोकळ्यात जाम होतात. वानरांनी एक कौल फोडलं की ते सुटं काढता येत नाही. पाणी आत शिरलं की लाकूड आणि फोम यांच्यामध्ये कोंडतं आणि वासा आतून कुजतो. वाळवीला तर इतकी सुरक्षित वाट दुसरी कोणी करून देणार नाही. हे माझं कोकणापुरतं मत नाही. ब्रिटनमध्ये जुन्या घरांच्या स्लेटच्या छपरांना खालून फोम मारून घेतला गेला, आणि आज अनेक बँका अशा घरावर कर्ज द्यायला तयार नसतात, कारण तपासनिसाला लाकूडच दिसत नाही. घर विकायचं तर आधी फोम खरवडून काढावा लागतो, त्याचा खर्च बसवण्याहून जास्त येऊ शकतो.

कौलारू घरात गरम होत असेल तर वाशांच्या खाली, कौलांना न चिकटवता, फळ्यांचं तक्तपोशी छत करा, मधली पोकळी वाऱ्याला दोन्ही टोकांना मोकळी ठेवा. माळा असेल तर माळ्याच्या जमिनीवर उचलता येईल असं इन्सुलेशन टाका. तिथल्या सुताराला हे काम माझ्यापेक्षा चांगलं कळतं, त्याला विचारा.

पैशांचा प्रश्न तुम्ही शेवटी विचारलात, मी तो आधी विचारला असता. या उन्हाळ्यात हात आखडता असेल तर गच्ची धुऊन पांढरी करा. चुन्याने केली तरी चालेल, उष्णता परतवणाऱ्या पांढऱ्या कोटिंगने केली तर जास्त टिकेल. तेलंगणाने 2023 मध्ये कूल रूफ धोरण आणलं ते याच साध्या तत्त्वावर. खर्च फोमच्या मानाने अगदी थोडा येतो. पांढरा रंग धुळीने मळतो, दरवर्षी होळीनंतर एकदा धुवावा लागतो, पण दुपारचा पृष्ठभाग हाताला लगेच फरक दाखवतो. एसी क्वचितच लावणाऱ्या, खिडक्या उघड्या टाकून झोपणाऱ्या घराला मी आधी हेच सांगतो. तुमच्याकडे दोन खोल्यांत रोज रात्री एसी चालतो, म्हणून तुम्हाला फोम परवडेल असं मला वाटतं. फोमवर शेवटचा थर पांढऱ्या चायना मोझॅकचा, म्हणजे टाइलच्या तुकड्यांचा, केलात तर दोन्ही साधतं, फक्त त्याचंही वजन इंजिनिअरच्या हिशेबात धरा.

काम कधी काढायचं? पावसाळ्यात फवारणी होत नाही आणि ऑक्टोबरमध्ये कोब्यातली ओल अजून गेलेली नसते. पाणी साठवून तपासणी दिवाळीनंतर करा, दुरुस्ती डिसेंबरात, प्लास्टिक कागदाची चाचणी जानेवारीच्या शेवटी, आणि फवारणी फेब्रुवारीत, सकाळचं दव वाळल्यावर आणि वारा सुटायच्या आत. मार्चमध्ये स्क्रीडला पाणी मारायला माणूस आणि टाकीत पाणी दोन्ही मिळतं. एप्रिलमध्ये यातलं काहीच मिळत नाही.